जीवामृत की गोबरगॅसची स्लरी? आधी जनावरं मोजा

इंदूरला आपल्यातले कितीतरी जण राहतात सुदामानगरला आणि शेत सांवेर नाहीतर देपालपूरकडे, तेही बटाईने दिलेलं, आणि आता सगळ्यांनाच शेणाचं पातळ खत करायचंय. मग एकच प्रश्न, जीवामृत करू की गोबरगॅस लावून स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरणारा शेणाचा पातळ काला, वापरू?

जीवामृत सोपं. 200 लिटरचा ड्रम पाण्याने भरा, त्यात 10 किलो ताजं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून गोणपाट टाकायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वर फेस येतो, आंबूस वास सुटतो की झालं, थंडीत जरा जास्त लागतात. एकराला एक ड्रम, आणि आठवड्याभरात संपवायचं. एक गाय असली तरी भागतं.

पण जीवामृत म्हणजे विरजण आहे हो, दूध नाही. हिशोब करून बघा, एका ड्रममध्ये नत्र (नायट्रोजन) पाव किलोही नाही, त्यातलंही बरंचसं गोमूत्राचं आणि बेसनाचं, आणि ओलिताच्या गव्हाची शिफारस हेक्टरी 120 किलो, म्हणजे एकराला 48! जमिनीत शेणखत, काडीकचरा असेल तर त्यातले जीवाणू काम करतील, नुसत्या उघड्या काळ्या मातीत ड्रमवर ड्रम ओतून युरिया एकदम बंद केला तर गहू पिवळा पडणारच.

स्लरीत खरं अन्न असतं. 2 घनमीटरच्या प्लांटला रोज साधारण 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी, म्हणजे चार-पाच जनावरं हवीत. शेणातलं नत्र गॅसबरोबर जात नाही, उलट काही भाग अमोनियाच्या रूपात येतो जो पिकाला लगेच मिळतो, वर्षाचा हिशोब धरला तर 60-70 किलो नत्र कुठे गेलं नाही, वर चूल पेटते ते वेगळंच. फक्त स्लरी उन्हात वाळवू नका, अमोनिया उडून जातो, पाटाच्या पाण्याबरोबर सोडलेली बरी. अडचणी दोन, एक तर बांधकामाचा खर्च आणि दुसरं म्हणजे रोज शेण कालवणारा माणूस. रविवारी शेतावर जाणाऱ्याने या भानगडीत पडूच नये. थंडीत गॅसही कमी होतो.

नुसतं गोमूत्र दहापट पाण्यात फवारणं हा आळशी मार्ग, चालतो, पण कडक उन्हात पानं करपतात.

ड्रिप असेल तर जीवामृत असो की स्लरी, कापडाने दोनदा गाळा, तरी फिल्टर धुवावाच लागेल. आणि कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं असेल तर पानांवर काहीच फवारू नका, शेणातले जंतू पोटात जातील, बुडाशी घाला आणि तेही काढणीच्या बरंच आधी.

एक-दोन गाई आणि वाटेकरी भरवशाचा असेल तर जीवामृत करा, सोबत शेणखत टाका, युरिया दरवर्षी थोडा थोडा उतरवा. पाच जनावरं आणि घरचं कोणी तिथेच राहत असेल तर प्लांट बांधा, मग जीवामृताला गूळ-बेसन आणायचीही फारशी गरज उरत नाही.