हूव्हरफॉनिक: सुरुवात कुठल्या गायिकेपासून करायची?

हूव्हरफॉनिक या बेल्जियन बँडचे दोन चाहते एकत्र आले की त्याच्या बदलत गेलेल्या गायिकांवरून तिसऱ्या मिनिटाला जुंपते. एक म्हणतो, गैके म्हणजेच हूव्हरफॉनिक. दुसरा नोएमीचा झेंडा घेऊन उभा. कोपऱ्यात एखादा जुना खोड बसलेला असतोच, तो सांगतो की लीशे गेली त्याच दिवशी बँड संपला. माझ्या भाचीनं ट्रिप-हॉप, म्हणजे संथ हिप-हॉप ठेक्यावरचं धूसर इलेक्ट्रॉनिक संगीत, ऐकायला नुकतीच सुरुवात केलीय. तिनं सरळ विचारलं, “मामा, इतक्या गायिकांमधून आधी कुणाला ऐकू?” तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गायिका बघून निवड करू नका. हा बँड १९९५ साली बेल्जियममधल्या सिंट-निक्लास या गावात उभा राहिला. तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहेत ते दोघेच, बास वाजवणारा अ‍ॅलेक्स कॅलिये आणि गिटारवर रेमंड गेर्ट्स. बहुतेक गाणी कॅलियेची, संगीताची बांधणी त्याची, शेवटचा शब्दही त्याचाच. आपल्याकडे नाटक मंडळीत मालक, लेखक आणि तालीम घेणारा एकच असायचा आणि नटसंच बदलत राहायचा, तसा हा कारभार. दुसरी गोष्ट जरा गमतीची आहे. या बँडच्या आवाजात सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती गायिका बदलताना नव्हे, एकच गायिका असताना!

आधी दोन टोकं शेजारी ठेवून बघू.

१९९६ चा ‘अ न्यू स्टिरिओफॉनिक साउंड स्पेक्टॅक्युलर’ हा लीशे सादोनियसचा एकमेव अल्बम. यातलं ‘टू विकी’ हे गाणं अमेरिकन गायक आयझॅक हेजच्या ‘वॉक ऑन बाय’मधून उचललेल्या तुकड्यावर, म्हणजे सँपलवर, उभं आहे. दिग्दर्शक बर्तोलुचीच्या ‘स्टीलिंग ब्यूटी’ या सिनेमात ते वाजलं आणि बँडचं नाव बेल्जियमबाहेर गेलं. इथे लीशेचा आवाज पुढे येऊन गात नाही. तो सँपल, बास आणि संथ ठेक्याच्या मागे धुक्यासारखा तरंगतो. शब्द नीट कळत नाहीत आणि कळावेत अशी इच्छाही होत नाही. रात्री दिवे मालवून ऐकायचं संगीत आहे हे. ट्रिप-हॉप जिथे जन्मलं त्या इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या, पोर्टिसहेड आणि मॅसिव्ह अटॅकसारख्या बँडांची सावली त्यावर स्पष्ट दिसते, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता २००० चा ‘द मॅग्निफिसंट ट्री’ लावा. ‘मॅड अबाउट यू’ सुरू होताच व्हायोलिनं अशी उसळतात की साठच्या दशकातल्या एखाद्या हेरपटाची श्रेयनामावली पडद्यावर सरकायला लागलीय असं वाटावं. आवाज गैके आर्नार्टचा. सरळ, थंड, कंप जवळजवळ नाहीच, आणि प्रत्येक शब्द स्वच्छ. सँपलची जागा वाद्यवृंदानं घेतलीय. ठेका ट्रिप-हॉपचा उरलाय, पण गाणं आता मुखडा आणि कडव्यांचं, गुणगुणता येणारं आहे.

ऐकणारा सहज म्हणेल की हा फरक गायिकेचा. तसं नाही. मधला १९९८ चा ‘ब्लू वंडर पॉवर मिल्क’ ऐका. गैके तिथेही आहे, वयानं विशीच्या आत, नुकतीच बँडमध्ये आलेली. तरीही बराचसा अल्बम अजून पहिल्याच्याच अंगणात घुटमळतो. फक्त ‘ईडन’सारख्या गाण्यात पुढची चाहूल लागते. (त्याच वर्षी ब्रिटिश गायिका सारा ब्राइटमननं ते गाणं गाऊन आपल्या अल्बमलाही तेच नाव दिलं, म्हणजे चाल किती भक्कम होती ते बघा.) याच सुमाराला कीबोर्डवाला फ्रँक दुशेन बाहेर पडला. चाहते लीशेच्या जाण्यावर वर्षानुवर्षं हळहळतात, दुशेनचं नाव कुणी काढत नाही. मला विचाराल तर कॅलियेला मोकळं रान मिळालं ते तेव्हा.

पुढे गैकेच्याच काळात २००२ मध्ये जॅकी केन नावाच्या काल्पनिक गायिकेची गोष्ट सांगणारा अल्बम आला, जवळजवळ संगीतिकाच. मग २००७ चा ‘द प्रेसिडेंट ऑफ द एलएसडी गोल्फ क्लब’, व्हायोलिनं बाजूला सारून गिटार आणि साठच्या दशकातल्या सायकेडेलिक, म्हणजे नशेत तरंगल्यासारख्या, धुराकडे वळलेला. गायिका एक, बँड चार! २००८ मध्ये गैके स्वतःची वाट धरून गेली.

२०१० मध्ये ‘द नाइट बिफोर’ घेऊन नोएमी वोल्फ्स आली. तिचा आवाज गैकेपेक्षा भरीव, उबदार, जुन्या रेकॉर्डीतून आल्यासारखा. दोघींत निवड करायची असेल तर भांडत बसू नका, ‘मॅड अबाउट यू’ दोनदा ऐका. एकदा २००० चं मूळ. मग अँटवर्पच्या कोनिंगिन एलिझाबेथ सभागृहात २०१२ मध्ये पूर्ण वाद्यवृंदासह नोएमीनं गायलेलं. गैके ते गाणं काचेपलीकडून सांगते, नोएमी समोर बसून कबुली देते. मूळ गाण्यातला गारवाच मला प्रिय असल्यानं माझं मत गैकेला, पण भाचीचं मत उलट पडलं आणि तिचं चुकलं असं म्हणायची माझी छाती नाही. असाच प्रयोग ‘टू विकी’चाही करता येतो. २००३ च्या ‘सिट डाउन अँड लिसन टु हूव्हरफॉनिक’वर तेच गाणं गैकेच्या गळ्यातून येतं. तिथे मात्र मी लीशेच्या बाजूनं. शब्द स्वच्छ ऐकू आल्यावर त्या गाण्यातलं गूढ निम्मं उडून जातं.

नोएमीच्या काळातला २०१३ चा ‘रिफ्लेक्शन’ चाहत्यांच्या घरांमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केलेला आहे. कल्पना छान, अल्बम हलकाफुलका. पण ट्रिप-हॉप शोधत आला असाल तर इथून सुरुवात करू नका, फसल्यासारखं वाटेल. २०१५ मध्ये तीही गेली. त्यानंतरचा ‘इन वंडरलँड’ पाहुण्या गायक-गायिकांवर चालवलेला, मी दोनदा ऐकून ठेवून दिला.

लुका क्रॉइसबर्ग्सवर मात्र अन्याय झाला असं वाटतं. टीव्हीवरच्या ‘द व्हॉइस’ या गायनस्पर्धेच्या फ्लेमिश (बेल्जियमच्या डचभाषक भागातल्या) आवृत्तीत ती जिंकली तेव्हा शाळकरी पोर होती आणि कॅलिये तिचा मार्गदर्शक. २०१८ चा ‘लुकिंग फॉर स्टार्स’ तिचा. २०२० च्या युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी तिचं ‘रिलीज मी’ ठरलं आणि कोविडमुळे स्पर्धाच रद्द झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस गैके परतली. २०२१ मध्ये रॉटरडॅमच्या मंचावर ‘द राँग प्लेस’ (चुकीची जागा) गायला तीच उभी होती. अंतिम फेरीत एकोणिसावा क्रमांक आला. गाण्याच्या नावावरून कोटी करायचा मोह मी आवरतोय.

मॉर्चीबा या ब्रिटिश ट्रिप-हॉप बँडचं उदाहरण इथे लोक हमखास देतात. त्यांची गायिका स्काय एडवर्ड्स २००३ मध्ये बाहेर पडली, २००५ चा अल्बम डेझी मार्टेच्या आवाजात आला, पुढचा पाहुण्यांवर भागवला आणि २०१० मध्ये स्काय परत. तिच्याशिवायचा मॉर्चीबा कायम पोरका वाटतो, कारण बँड चालवणाऱ्या गॉडफ्री बंधूंची गाणी तिच्या गळ्याच्या मापानं शिवलेली होती. कॅलियेची गाणी गळा बदलला तरी अंगावर बसतात. तरी त्यालाही शेवटी गैकेला बोलवावंसं वाटलंच. माझ्या सिद्धांताला हे भोक आहे, मान्य करतो.

आता भाचीसारख्यांसाठी. पोर्टिसहेड, मॅसिव्ह अटॅक पाठ असतील तर १९९६ चा पहिला अल्बम घ्या, घरी आल्यासारखं वाटेल. चाल आणि वाद्यमेळ हवा असेल तर ‘द मॅग्निफिसंट ट्री’. एकच अल्बम ऐकणार असाल तर हाच. नोएमीकडे वळायचं तर स्टुडिओतल्या अल्बमांआधी २०१२ ची वाद्यवृंदाची मैफल बघा. परतलेल्या गैकेचा २०२१ चा ‘हिडन स्टोरीज’ नीटनेटका आहे, पण जुनी ओळख असल्याशिवाय त्यात फार काही हाती लागत नाही.

आणि गायिका मोठी की बांधणी, हा वाद घरी मिटवायचा असेल तर २००५ चा ‘नो मोअर स्वीट म्युझिक’ शोधा. दोन तबकड्या आहेत. गाणी तीच, गैके तीच, दुसऱ्या तबकडीवर फक्त बांधणी बदललेली. एकेक गाणं दोन्हीकडून लागोपाठ लावा. आम्ही तिसऱ्या गाण्यापर्यंत पोचलो आणि पुन्हा भांडण सुरू झालं.