बसच्या आवाजाच्या कॅसेट डिजिटल करताना: नौपाड्यातलं एक दुकान

लग्नाच्या व्हीएचएस आणि गाण्यांच्या कॅसेट डिजिटल करून देणारं हे ठाण्यातलं छोटं दुकान. बेस्टची लेलँड टायटन डबल डेकर किंवा ठाण्याच्या टीएमटीच्या (महापालिकेची बससेवा) १९८९ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या गाड्या कोणी टेप करून ठेवल्या असतील, तर कॅसेट इथे द्यायला हरकत नाही. फक्त काउंटरवरच्या चिठ्ठीवर ठळक लिहून घ्या: ‘नॉइज रिडक्शन नको.’

हे सांगितलं नाही, तर बस पुसली जाते. सॉफ्टवेअर टेपमधला एखादा शांत तुकडा नमुना म्हणून घेतं आणि तसला आवाज सगळीकडून काढून टाकतं. बसच्या टेपमध्ये शांत तुकडा म्हणजे स्टॉपवर उभ्या गाडीचं इंजिन! ते जातं, उरते पाण्याखालून आल्यासारखी बुडबुड. विजेची घरघर काढणारा फिल्टरही असाच नडतो. तो ५० हर्ट्झच्या आसपासचं कापतो, आणि सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांवर आलं की नेमका ५० हर्ट्झचाच ठोका देतं. गाडी वेग घेताना मध्येच पोकळी ऐकू आली, तर हा फिल्टर लावलेला आहे असं समजा. कॅसेट सेलवरच्या रेकॉर्डरवर भरलेली असेल तर त्यात सहसा घरघर नसतेच, मग फिल्टर हवा कशाला?

यंत्रकामात मात्र दुकान पक्कं आहे. पावसाळ्यात टेपवर धरलेली पांढरी बुरशी साफ केल्याशिवाय कॅसेट डेकमध्ये घालत नाहीत. बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, लागली की पुढच्या गिऱ्हाइकाची कॅसेटही गेली. टेपला हेडशी दाबून धरणारा फेल्टचा तुकडा जुन्या कॅसेटमध्ये गळून पडतो आणि आवाज गोधडीआडून आल्यासारखा येतो. तसा तुकडा दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवून देतात. हेडचा कल ठरवणारा शेजारचा स्क्रू प्रत्येक कॅसेटला वेगळा जुळवतात. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण स्क्रू पाव फेराही चुकला तरी काचांचा खडखडाट, कंडक्टरच्या तिकीट-पंचची टिकटिक आणि घंटेची धार बोथट होते. जुळवताना घंटेचाच तुकडा लावायला सांगा.

डेकचा वेग तपासून घ्या. सहा टक्के जलद चालला की पट्टी एक घराने चढते, पांढरी एकची काळी एक होते. गाण्यात हे कळतं, बसमध्ये पटकन कळत नाही, आणि डबल डेकर मिनीबससारखी वाजू लागते.

एक दोष कोणीच काढू शकत नाही. घरगुती रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप धरणारी सर्किट असायची. डबल बेल वाजली की इंजिन खाली दबतं आणि हळूहळू पुन्हा वर येतं. दुकानाने हे ‘सुधारायला’ कॉम्प्रेसर (मोठे-लहान आवाज एका पातळीला आणणारा) लावला की बसबरोबर टेपची सरसरही वरखाली होते. तसंच राहू द्यावं.

फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्हमध्येच मागा. सी-६० ची, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटची, साधारण १ जीबी होते. न सांगता मिळते ती १२८ केबीपीएसची एमपी३, जेमतेम ५८ एमबीची. तिच्यात एअर ब्रेकचा ‘फुस्स’ चुरगळतो. मुंबईतली शेवटची डिझेल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा जागा वाचवण्यात काय अर्थ आहे?

दर सी-६० ला ३०० रुपये, सी-९० ला ४००, बुरशी असेल तर १०० वर. आठवडा लागतो. सी-९० ची टेप पातळ असते, म्हणून पुन्हा पुन्हा मागेपुढे करू नका असं आधीच बजावा.

उचलताना तिथेच ऐका, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको. ६०० फेऱ्यांवरचं इंजिन ३० हर्ट्झला धडधडतं, ते त्यातून बाहेरच येत नाही. कानावर बसणारा हेडफोन सोबत न्या आणि गाडी सुटण्याचा तुकडा लावायला सांगा: घंटा दोनदा, मग ब्रेकची हवा, मग पहिल्या गिअरची चढत जाणारी रीं. तिन्ही वेगवेगळे ऐकू आले तरच पैसे द्या. मूळ कॅसेट परत घ्यायला विसरू नका. पाऊचमध्ये ओलावा शोषणारं सिलिका जेल ते देत नाहीत.