ओपनिंगला वीस मिनिटं, की तीन दिवस अकरा ते सात?

आर्ट कॉलेजच्या ग्रुप शोमध्ये परफॉर्मन्स (म्हणजे चित्र-शिल्पाऐवजी लोकांसमोर केलेली कृती हेच काम) करायचं ठरतं, सर हो-नाही करत मान डोलावतात आणि मग खरा प्रश्न येतो. ओपनिंगच्या संध्याकाळी एकदाच करायचा, की प्रदर्शन उघडं असेल तितका वेळ करत बसायचं? मी दोन्ही करून पाहिलंय, तेही एकाच कामाने. आजीची एक जुनी गोधडी होती; तिचा धावदोरा टाक्याटाक्याने उसवायचा. बस, एवढंच. पहिल्या वर्षी ओपनिंगला वीस मिनिटं, दुसऱ्या वर्षी उरलेली गोधडी घेऊन तीन दिवस.

ओपनिंगचे फायदे उघड आहेत. गर्दी आयती मिळते, घरचे येतात, फोटो बरे निघतात, आणि भीती एका संध्याकाळीत संपते. छोटं म्हणजे उथळ असंही नाही. 1995 साली कलाकार रुमाना हुसेन मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात पायांत घुंगरू बांधून, हातात कापलेली पपई धरून, तोंड उघडं ठेवून मूकपणे चालल्या होत्या. दंगली पाहिलेल्या शहरात तेवढं चालणं पुरेसं होतं. तुमच्या कामातही अशी एकच ठाम कृती असेल, तर माझं पुढचं ऐकू नका.

माझ्या कामात ती नव्हती, आणि ते मला कळलं टाळ्यांमुळे. आमचं ओपनिंग सहाचं. पाहुणे आले सात वाजून दहा मिनिटांनी. दीपप्रज्वलन झालं, भाषण झालं, मग माइकवरून घोषणा: ‘आता आपला एक विद्यार्थी छोटासा कार्यक्रम सादर करेल.’ कार्यक्रम! लोकांनी गोल केला, मोबाइल वर गेले, आणि बिचाऱ्या पेंटिंगवाल्यांच्या भिंतीकडे सगळ्यांची पाठ. मी उसवायला बसलो. बाराव्या मिनिटाला दोरा तुटला म्हणून मी हात थांबवून मान वर केली, तर कुणाला तरी वाटलं, झालं. एक टाळी पडली, मग सगळा हॉल. चहाकडे रांग लागली आणि मी सुई हातात धरून तसाच. पुढची आठ मिनिटं उसवत राहिलो. शेवटी दोन मित्रांनी भिडेखातर पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्या दुसऱ्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

तीन दिवसांच्या प्रकारात हा त्रास नसतो, कारण सुरुवात-शेवट कुणालाच ठाऊक नसतो. बाकी त्रास मात्र भरपूर. पाय बधिर होतात. दुपारी तीनला हॉलमध्ये मी आणि वॉचमन. परफॉर्मन्स करणारे कलाकार निखिल चोप्रा यांनी 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात नऊ दिवस राहून परफॉर्मन्स केला, हे वाचून मी हुरळलो होतो. पण त्यांच्यामागे अख्खं संग्रहालय होतं, माझ्यामागे डबा आणणारा एक मित्र. असा मित्र आधी पक्का करा, गॅलरीची परवानगीही. आणि उपाशी राहण्याचे वगैरे प्रयोग पहिल्याच खेपेला नकोत.

पण त्या रिकाम्या दुपारींतच काहीतरी घडतं. दुसऱ्या दिवशी एक बाई बराच वेळ बघत उभ्या होत्या. मग शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘असा ओढू नकोस रे, कापड फाटेल. एक टाका सोडून एक काप, मग दोरा आपसूक निघतो.’ माझ्या हातून कात्री घेऊन त्यांनी वीतभर उसवूनही दिलं. वीस मिनिटांच्या गोलात त्या पुढे आल्या असत्या असं मला तरी वाटत नाही.

ज्यूरी ठरलेल्या वेळी येऊन मार्क देणार असेल, तर ओपनिंगच घ्या. तीन दिवसांतली कुठली पाच मिनिटं त्यांच्या वाट्याला येतील याचा भरवसा नाही. माझ्याकडे आले तेव्हा मी डबा खात होतो. नाहीतर माझा कल तुमच्या लक्षात आलाच असेल.

दाराशी मी ‘काम चालू आहे’ एवढीच पाटी लावली होती. एका काकांनी विचारलंही, प्रदर्शन उघडणार कधी? तिसऱ्या दिवशी सातला वॉचमनने दिवे घालवायला घेतले तेव्हा हातभर गोधडी शिल्लक होती. दोऱ्यांचा ढीग पिशवीत भरायला त्यानेच मदत केली.