पू-एर चहाची वीट: फोडणं, उकळणं आणि सांगलीच्या पावसाळ्यात टिकवणं

चीनच्या युन्नान प्रांतातल्या मुरवलेल्या पू-एर चहाची २५० ग्रॅमची वीट आता सांगलीत घरबसल्या मागवता येते. वेष्टनावर ७५८१ असा आकडा दिसला तर ती बॅच नव्हे आणि तारीखही नव्हे. ७५ म्हणजे १९७५ साली ठरलेलं मिश्रण, ८ ही पानाची प्रत, १ हा युन्नानमधल्या कुनमिंग शहराच्या कारखान्याचा क्रमांक. पान मोठं, जून, देठासकट. सकाळी आलं-वेलचीचा कडक चहाच लागतो त्यांनी यात पैसे घालू नयेत. काळा, जाड अंगाचा, जुन्या लाकडाच्या वासाचा चहा आवडत असेल तर माल चांगला आहे. एका वेळेला ६ ग्रॅम धरले तर चाळीसेक वेळा चहा होतो, आणि तीच पानं सात-आठदा पाणी घेतात. महाग-स्वस्त हे त्या हिशेबाने ठरवावं.

बहुतेकांचा चहा बिघडतो तो फोडतानाच. बत्त्याने ठेचली की पानांचा चुरा होतो, आणि चुऱ्यातून सगळं एकदम उतरून पाणी गढूळ, कडवट होतं. वीट वाफवलेली पानं साच्यात दाबून केलेली असते, म्हणजे आत थर असतात; ते थर उचलायचे. त्यासाठी चिनी दुकानात खास टोचा मिळतो, पण मार्केट यार्डात पोती शिवायचं दाभण तेवढंच काम देतं. कागदावर वीट सपाट ठेवून दाभण वरून नव्हे, कडेने, थराला समांतर दोनेक सेंमी घालावं, जरा पिळावं आणि उचलावं. दुसरा हात कधीही टोकासमोर धरू नये. दाभण निसटलं की थेट तळव्यात जातं. वीट फारच घट्ट असली तरी घरी वाफवू नका. जुलै-ऑगस्टच्या हवेत ती पुरती वाळत नाही आणि आतून बुरसते.

फोडलेल्या पहिल्या तुकड्याला कधी कधी माशासारखा वास येतो. तो पानं ओली करून ढिगात मुरवण्याचा वास असतो. मातीच्या कोऱ्या भांड्यात, सैल झाकणाखाली आठ-दहा दिवस ठेवला की बराच उतरतो. आंबूस किंवा कुबट वास मात्र उतरत नाही; तशी वीट परत करावी.

या ढिगाच्या पद्धतीमुळेच जाहिरातीतलं ‘हजार वर्षांची परंपरा’ हे वाक्य अर्धंच खरं ठरतं. दाबलेला चहा जुना आहेच. चीनच्या तांग घराण्याच्या काळात (सातवं ते दहावं शतक) चहाच्या वड्या भाजून, कुटून उकळत. पुढच्या सोंग घराण्याच्या दरबाराने १०७४ मध्ये तिबेटी घोड्यांच्या बदल्यात चहा देण्यासाठी वेगळं खातं उघडलं. १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या सम्राटाने नजराण्याच्या वड्या बंद करून सुटं पान मागवलं. तरी तिबेट-मंगोलियाकडे वीट जातच राहिली, कारण घोड्या-खेचरांवर लादायला ती सोयीची, आणि तिकडे ती चलनासारखीही चाले. पण आज हातात येणारा हा गडद, मऊ चहा ज्या पद्धतीने होतो ती कुनमिंगमध्ये १९७३ च्या सुमारास बसवली गेली.

करायची रीत: ६ ग्रॅम तुकडा, १२० मिली पाणी, खळखळ उकळलेलंच. पहिलं पाणी दहा सेकंदांत ओतून द्यावं, चुरा जास्त असेल तर दुसरंही. मग दहा-दहा सेकंदांचे दोन-तीन चहा, पुढे दर वेळी पाच-दहा सेकंद वाढवत जावं. रंग फिका पडला की तीच पानं अर्ध्या लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळावीत. हा शेवटचा चहा अनेकदा सगळ्यांत गोड लागतो. बोअरचं जड पाणी वापरू नका, वर तवंग येतो आणि चव मरते.

दुधातही चालतो. खाली उरलेला चुरा त्यासाठीच ठेवावा: ४ ग्रॅम, २०० मिली पाण्यात आठ मिनिटं उकळून मग १०० मिली दूध. मंगोलियात यात मीठ घालतात. इकडे गूळ घालायचा असेल तर खाली उतरवल्यावर, नाहीतर दूध फाटतं.

साठवण हा सांगलीतला खरा प्रश्न. चहा वास ओढतो, आणि इथे घरात हळद असतेच. मसाल्याच्या कपाटात ठेवलेली वीट महिनाभरात हळदीच्या वासाची होते. फ्रीजही नको. कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावी. पावसाळ्यापुरती मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात. वर हिरवी-पांढरी केसाळ बुरशी आली तर फेकावी. चीनच्याच हूनान प्रांतातली फू नावाची चहाची वीट मागवली असेल तर घाई नको: तिच्या आत दिसणारे पिवळे रवाळ ठिपके मुद्दाम वाढवलेल्या बुरशीचे असतात, आणि तेच तिच्या प्रतीची खूण.

जून पानात फ्लोराइड जास्त असतं. चीनच्या मानकात विटेच्या चहाला किलोमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि दिवसभर तोच चहा पिणाऱ्या तिबेटी भागांत दात-हाडांचे विकार नोंदलेले आहेत. त्यामुळे जेवणानंतर प्यावा, पाण्याऐवजी नव्हे. लहान मुलांना देऊ नये. आणि पाकिटावर आयातदाराचं नाव व एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) चौदा आकडी क्रमांक नसेल तर वेष्टन न उघडताच परत पाठवावं.