जर्मन गाडीचे सुटे भाग: कंपनीचे घ्यावेत की बाजारातले?

वॉरंटी संपलेली जर्मन गाडी दुरुस्तीला काढली की पुण्यातल्या मालकाच्या हाती बहुधा दोन एस्टिमेट येतात, एक अधिकृत सर्व्हिस सेंटरचे आणि दुसरे बाहेरच्या गॅरेजचे. त्यांतली तफावत मजुरीइतकीच सुट्या भागांचीही असते. ‘ओरिजिनल की लोकल’ असा दुहेरी प्रश्न इथे अपुरा पडतो, कारण मधला एक पर्याय, म्हणजे कंपनीला भाग पुरवणाऱ्यांचाच माल, त्यात हरवतो.

गाडी बनवणारी कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही. बीएमडब्ल्यूला सस्पेन्शनचे कंट्रोल आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) पुरवणारा लेमफोर्डर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुरवणारा झाक्स हे दोन्ही झेडएफ या जर्मन सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे ब्रँड असून हेच भाग ते स्वतःच्या खोक्यातही विकतात. असा आर्म हातात घेऊन नीट पाहिला, तर पुष्कळदा बीएमडब्ल्यूचे चिन्ह जिथे असायचे तेवढीच जागा घासून काढलेली दिसते. सस्पेन्शनसाठी मी तरी कंपनीच्या खोक्याचे जादा पैसे मोजणार नाही. आपल्या खड्ड्यांपुढे दोन्ही सारखेच झिजतात.

अनोळखी स्वस्त माल मात्र वेगळा. काही बीएमडब्ल्यूंच्या आर्ममधील बुश (सांध्यातला धक्के शोषणारा रबरी भाग) आतून द्रव भरलेला असतो. त्याच्या जागी साध्या भरीव रबराचा बुश बसवला, तर गाडीच्या चालीत फरक पडतो. तो लवकर फाटला की मजुरी आणि व्हील अलाइनमेंट दोन्ही पुन्हा भरावी लागतात.

टायमिंग बेल्टच्या (इंजिनातील पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या) बाबतीत काटकसर करूच नये. फोक्सवॅगन व्हेन्टोच्या १.६ टीडीआय या डिझेल इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरत असल्याने दोन्ही एकदम बदलावेत; कंपनीचा संच किंवा नामांकित पुरवठादाराचा, यांपैकी कोणताही चालेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) बदलायचे असेल, तर ते गाडीशी कोडिंग करून जुळवावे लागते, म्हणून तिथे कंपनीचाच भाग घ्यावा. ऑइल व एअर फिल्टर ‘मान’ किंवा ‘माले’ या नामांकित ब्रँडचे खुशाल घ्यावेत.

नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात स्वतः खरेदी करणार असाल, तर चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर आधी काढून घ्यावा, कारण एकाच मॉडेलमध्येही वर्षागणिक भाग बदलतात. पक्के बिल घ्यावे आणि खोके गॅरेजमध्ये आपल्यासमोरच उघडायला लावावे.