हार्टोग्सचं एक्सटेन्शन थिअरम: काही महिने वापरल्यावर

बरेच महिने हे थिअरम कामात वापरतोय, म्हणून लिहितोय. एका कॉम्प्लेक्स व्हेरिएबलमधून आलेल्या माणसाला हे आधी खोटंच वाटतं, कारण तिकडे एक भागिले झेड शून्यापाशी अडकलं की अडकलंच, आणि इथे व्हेरिएबल दोन किंवा जास्त असले की डोमेनच्या पोटातला कॉम्पॅक्ट (बंद आणि मर्यादित) सेट खुशाल काढून टाका, उरलेला भाग कनेक्टेड (एकसंध) असेल तर त्यावरचं प्रत्येक होलोमॉर्फिक (कॉम्प्लेक्स अर्थाने डिफरन्शिएबल) फंक्शन आतपर्यंत पसरतं, बाउंडेड असायचीपण अट नाही! १९०६ सालचं आहे हे.

अटी मात्र नीट बघा, कनेक्टेडवाली लोक हमखास विसरतात. त्रिज्या २ चा बॉल घ्या, त्यातून त्रिज्या १ च्या गोलाचा नुसता पृष्ठभाग काढा, आत ० आणि बाहेर १ ठेवा. होलोमॉर्फिक आहे, पण जोडून दाखवा. कॉम्पॅक्टचंही तेच, दोन व्हेरिएबलमध्ये एक भागिले झेड बिघडतं ते झेड = ० या अख्ख्या रेषेवर, आणि ती बॉलच्या काठापर्यंत जाते.

प्रूफ एरेनप्राइसचं (१९६१) वाचा. कटऑफ फंक्शननं गुणून मूळ फंक्शन भोकाजवळ शून्य करायचं, त्यात जे बिघडलं ते डी-बार इक्वेशन (होलोमॉर्फिक असण्यातली तूट मोजणारं) सोडवून वजा करायचं. सगळी मेख उत्तर कॉम्पॅक्ट सपोर्टचं (एका कॉम्पॅक्ट सेटबाहेर शून्य असलेलं) मिळण्यात आहे, एका व्हेरिएबलमध्ये ते सहसा मिळत नाही.

पण खरं सांगू का, रोज कामाला येतं ते साधं कोशी इंटिग्रल. झेडमध्ये वर्तुळावर इंटिग्रेट करायचं, डब्ल्यू (दुसरं व्हेरिएबल) हळूहळू सरकवत न्यायचा, वर्तुळ डोमेनमध्ये राहिलं की झालं, आतली अख्खी डिस्क सुरुवातीच्या थोड्याशा डब्ल्यूंसाठी डोमेनमध्ये असली तरी पुरते.

फंक्शन फक्त हायपरसरफेसवरच (एका वास्तव समीकरणाच्या पृष्ठभागावर) दिलेलं असेल तर मात्र हे थिअरम पुरत नाही. तिथे लेव्ही फॉर्म काढा (पृष्ठभाग कॉम्प्लेक्स दिशांमध्ये कसा वाकतो ते सांगणारं मॅट्रिक्स). सीआर फंक्शन (पृष्ठभागातल्या कॉम्प्लेक्स दिशांमध्ये कोशी-रीमान समीकरणं पाळणारं) असेल आणि एखादी आयगेनव्हॅल्यू शून्य नसेल तर निदान एका बाजूला पसरतं, दोन्ही चिन्हांच्या असल्या तर दोन्हीकडे (हान्स लेवी, १९५६, फॉर्मवाला लेव्ही वेगळा). फॉर्म सगळीकडे शून्य असेल तर आशा सोडा: डब्ल्यूचा काल्पनिक भाग ० या हायपरसरफेसवर वास्तव भागाची ॲब्सोल्यूट व्हॅल्यू घ्या, सीआर आहे पण कुठल्याच बाजूला सरकत नाही. मधल्या केसेससाठी (फॉर्म एखाद्या बिंदूपाशी शून्य, पण सगळीकडे नाही) ट्रेप्रोचं १९८६ चं उत्तर आहे, त्या बिंदूतून जाणारा कॉम्प्लेक्स हायपरसरफेस (होलोमॉर्फिक फंक्शन = ० असा) पृष्ठभागात बसत नसेल तर एका बाजूला नक्की पसरतं, आणि बसत असेल तर न पसरणारं फंक्शन सापडतंच. छान आहे, पण इक्वेशन हातात घेऊन ही अट तपासायला बसलं की वेळ जातो, म्हणून मी आधी लेव्ही फॉर्मच काढून बघतो.