प्लॅटिनम म्हणून नुसतं टायटॅनियम गळ्यात मारलं, १,३८,०६० रुपये बुडाले

बावीस वर्षं प्लेटिंगमध्ये, म्हणजे धातूवर धातूचा मुलामा चढवण्यात, काढली आणि फसलो कशात, तर अ‍ॅनोडमध्ये. हसायचं तर हसा.

मुंबईत साकीनाक्याला गाळा आहे, कनेक्टरच्या पिनांवर सोनं चढवतो. बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीत, सोनं येतं द्रावणातल्या क्षारातून. अ‍ॅनोड म्हणजे टाकीत बुडवलेला धन ध्रुव, तो फक्त करंट पुरवतो. त्याला टायटॅनियमची जाळी लागते, वर अडीच मायक्रॉन प्लॅटिनम. नेहमीचा माणूस जाळीचे २७,००० सांगत होता, शिवाय पाच आठवडे थांबा म्हणे. हा ऑनलाइनवाला १९,५०० म्हणाला. मी काही लगेच भाळलो नाही. सँपल मागवलं, तीन दिवस चालवलं, अस्सल निघालं. मग सहा जाळ्या सांगितल्या. १,१७,००० आणि जीएसटी २१,०६०.

पैसे पाठवताना बँकेच्या अ‍ॅपने खातेदाराचं नाव दाखवलं. कोटेशनवर इंजिनिअरिंग कंपनी, स्क्रीनवर कुठल्याशा बाईंचं नाव. अंगठा थांबला होता माझा, खोटं नाही सांगत. फोन लावला. ‘सर, मिसेस पार्टनर आहेत, करंट अकाउंट ऑडिटमध्ये अडकलंय.’ ऑडिटमध्ये खातं अडकतं? हे माझ्या कॉलेजातल्या पुतण्यालाही पटलं नसतं. पण सीप्झच्या, म्हणजे अंधेरीच्या निर्यात क्षेत्रातल्या, पार्टीचा माल शनिवारी द्यायचा होता. दाबलं ओके. नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका, समोरचा कितीही ‘सर सर’ करू दे.

माल आला तो राखाडी, खरबरीत, हुबेहूब सँपलसारखा. नुसत्या डोळ्यांना फरक कळला नाही. बाथमध्ये सोडला, डीसी करंट देणारा रेक्टिफायर चालू केला, तर व्होल्ट चारवरून बारावर आणि अँपिअरचा काटा शून्याकडे. जाळी उचलली, रंग पालटलेला! उघड्या टायटॅनियमवर ऑक्साइडचा थर धरला की करंट संपला. तरी झवेरी बाजारात जाऊन टंच काढला, म्हणजे धातू तपासून घेतला. क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या एक्सआरएफ मशीनवर दोन मिनिटांत निकाल, प्लॅटिनम शून्य. फी ३०० रुपये. सँपलचा नव्हे, आलेल्या मालाचा टंच काढा.

मग सुरू झाली वणवण. बँक म्हणे, पैसे तुम्हीच पाठवलेत. सायबरवाले म्हणे, माल मिळालाय ना, मग हे आमच्यात बसत नाही. चौकीत दोन तास बाकड्यावर बसवून ‘हा दिवाणी मामला’. अहो, प्लॅटिनम सांगून टायटॅनियम देणं दिवाणी? न्याय संहितेतलं फसवणुकीचं ३१८ कलम मग कुणासाठी? ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही. लघुउद्योगांच्या पोर्टलवर विकणाऱ्याचे थकलेले पैसे मागता येतात, घेणाऱ्याने कुठे जायचं? त्या ऑनलाइनवाल्याचा जीएसटी नंबर मी नंतर तपासला, कधीच रद्द झालेला. तुम्ही आधी तपासा, फुकट आहे. आणि १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच तासात फोन करा, मी चार दिवस त्याच्या ‘रिप्लेसमेंट पाठवतो’ वर घालवले.

कुर्ल्याच्या भंगारवाल्याने सहा जाळ्यांचे नव्वद रुपये सांगितले. दिल्या नाहीत. ‘पुरावा आहे, जपून ठेवा,’ असं हवालदारसाहेब म्हणाले होते, तक्रार न घेता.